वाचकांच्या शंका : वरचा संगणक खालच्या लॅपटॉपला दाद का देत नाही?

या सदराकडे अलीकडे आलेल्या पत्रांत घरच्या संगणकाच्या फायरवॉलविषयीची, म्हणजे नेटवर्कवरून संगणकात येणाऱ्या-जाणाऱ्यांवर पहारा ठेवणाऱ्या व्यवस्थेविषयीची, पत्रे इतकी होती, की या वेळची सगळी जागा त्यांनाच दिली आहे. प्रश्नकर्त्यांची नावे नेहमीप्रमाणे छापलेली नाहीत. संगणकाला द्यायच्या आज्ञा येथे देवनागरीत छापल्या असल्या, तरी त्या रोमन अक्षरांत आणि इंग्रजी आकड्यांतच टंकायच्या आहेत.

प्रश्न : आमचे शहापूरला साड्यांचे दुकान आहे; खाली दुकान आणि वर घर. हिशेबाचा प्रोग्राम वरच्या, घरातल्या संगणकावर आहे. खाली लॅपटॉपवर सूनबाई बिले करतात आणि ती वरच्या संगणकात नोंदली जातात, अशी जोडणी मुलाने दिवाळीच्या सुट्टीत करून दिली होती. मध्यंतरी प्रोग्रामची नवी आवृत्ती घातली आणि तेव्हापासून खाली 'सर्व्हरशी संपर्क होत नाही' एवढेच दिसते. वरच्या संगणकाची फायरवॉल बंद केली की लगेच चालू होते. दुरुस्तीला आलेला मुलगा म्हणाला, "कशाला पाहिजे ती, बंद करून सोडा की." नवी आवृत्ती पहिल्यांदा उघडली तेव्हा इंग्रजीत काहीतरी विचारणारी एक खिडकी आली होती, भलतेच काही व्हायला नको म्हणून मी 'कॅन्सल' दाबले होते. फायरवॉल कायमची बंद ठेवली तर चालेल का?
— एक वस्त्रव्यापारी, शहापूर, बेळगाव

उत्तर : चालणार नाही, आणि तशी गरजही नाही. आपण पत्राच्या शेवटी सहज म्हणून जे लिहिले आहे, त्यातच दुखण्याचे मूळ आहे. फायरवॉल बंद केल्याबरोबर काम सुरू होते, याचा अर्थ तारा, राउटर, पत्ता आणि प्रोग्राम हे सारे जागच्या जागी आहे. अडते आहे ते एका नियमापाशी, आणि तो नियम त्या दिवशी आपल्याच हातून तयार झाला आहे.

विंडोजची फायरवॉल मूळ मांडणीत बाहेर जाणाऱ्याला अडवत नाही. आत येऊ पाहणाऱ्याला मात्र, त्याच्यासाठी परवानगीचा नियम नसेल, तर आत घेत नाही. २०२१ साली महाराष्ट्र-कर्नाटक सीमेवरच्या कोगनोळीच्या नाक्यावर ज्यांनी तास तास काढले, त्यांना हे वेगळे समजावून सांगायला नको. कागलकडून येणाऱ्या गाडीला त्या नाक्यावर आरटीपीसीआरचा अहवाल दाखवावा लागे. निपाणीकडून कागलकडे निघालेल्या गाडीला तिथे तो कोणी विचारत नसे. फायरवॉलचा नाका आणखी एका बाबतीत शहाणा आहे. आपल्या संगणकातून कोण कोणाकडे गेले याची तो आठवण ठेवतो आणि त्याला आलेले उत्तर बिनबोभाट आत सोडतो, म्हणूनच फायरवॉल चालू असतानाही आपल्याला बातम्या वाचता येतात आणि बँकेचे संकेतस्थळ उघडता येते. आपल्या घरात दार ठोठावणारा आहे खालचा लॅपटॉप, आणि दार आहे वरच्या संगणकाचे. तेव्हा जे काही करायचे ते वरच्या संगणकावर करायचे. लॅपटॉपच्या फायरवॉलला हात लावण्याचे कारण नाही. आलेल्या पत्रांपैकी निम्म्यांत नेमका उलटा उद्योग झालेला दिसला.

आता त्या खिडकीविषयी. एखादा प्रोग्राम दुसऱ्या संगणकांची वाट पाहत पहिल्यांदा कान लावून बसतो, तेव्हा विंडोज आपल्याला विचारते की याच्याकडे येणाऱ्यांना आत सोडायचे का. 'कॅन्सल' म्हणजे 'नंतर बघू' असा आपला समज होतो, आणि तो स्वाभाविकही आहे. परंतु विंडोज त्याचा अर्थ 'नको' असा घेते आणि त्या प्रोग्रामच्या नावाने मनाईचे नियम लिहून ठेवते. असे नियम सहसा दोन असतात, एक टीसीपीसाठी आणि एक यूडीपीसाठी (नेटवर्कवरून माहिती पाठवण्याच्या या दोन पद्धती). नियम एकदा लिहिला गेला, की त्या प्रोग्रामबद्दल ती खिडकी पुन्हा येत नाही, म्हणून दुसऱ्यांदा बरोबर उत्तर देण्याची संधीही मिळत नाही. याहून महत्त्वाची गोष्ट अशी, की या फायरवॉलमध्ये मनाई आणि परवानगी यांची गाठ पडली, तर मनाई जिंकते. पुष्कळजण परवानगीचा नवा नियम घालतात, तरी काम होत नाही असे पाहून आणखी एक घालतात, आणि शेवटी वैतागून सगळी फायरवॉलच बंद करतात. जुनी मनाई पुसल्याशिवाय दहा परवानग्या घातल्या तरी उपयोग नाही.

वरच्या संगणकावर प्रशासकाचे अधिकार असलेल्या खात्यातून आत जा. विंडोजची कळ दाबून धरून 'आर' दाबा, येणाऱ्या छोट्या चौकटीत 'डब्ल्यूएफ डॉट एमएससी' टंका आणि एंटर द्या. उघडणाऱ्या खिडकीत डावीकडे 'इनबाउंड रूल्स' आहे. त्यावर टिचकी मारली की मधल्या भागात नियमांची लांबलचक यादी येते. ती पाहून घाबरू नका. वर 'नेम' या शब्दावर टिचकी मारली की यादी नावांच्या क्रमाने लागते. त्यात आपल्या प्रोग्रामचे नाव शोधा. ज्या नियमापुढे हिरवी खूण आहे ती परवानगी, आणि ज्याच्यापुढे लाल गोल आहे ती मनाई. आपल्या यादीत माझ्या अंदाजाप्रमाणे एकाच नावाच्या दोन लाल ओळी एकाखाली एक दिसतील. दोन्ही निवडून 'डिलीट' करा.

कदाचित तिथेच एक हिरवी ओळही दिसेल, आणि मग आपल्याला प्रश्न पडेल की मुलाने दिवाळीत दिलेली परवानगी जागेवर असताना नवी खिडकी आलीच का. त्या हिरव्या ओळीवर दोनदा टिचकी मारून प्रोग्रामचा मार्ग वाचा. प्रोग्रामवर बांधलेला नियम त्या फाइलच्या पूर्ण मार्गाशी बांधलेला असतो. पुष्कळ प्रोग्राम नवी आवृत्ती घालताना आवृत्तीच्या क्रमांकाचा नवा फोल्डर करतात. तसे झाले असेल, तर जुना नियम आता रिकाम्या घराला परवानगी देत बसला आहे आणि नव्या घरात आलेला तोच प्रोग्राम फायरवॉलच्या दृष्टीने परका आहे. ही ओळही पुसून टाका.

मग उजवीकडे 'न्यू रूल' निवडा. पहिल्या पानावर 'प्रोग्राम' की 'पोर्ट' असे विचारले जाते; पोर्ट म्हणजे संगणकात येण्याच्या क्रमांकित दारांपैकी एक. प्रोग्रामच्या माहितीपुस्तिकेत ९००० किंवा तसा एखादा पोर्ट क्रमांक दिलेला असतो आणि दुरुस्तीवाले तोच उघडून देतात, पण मी स्वतः 'प्रोग्राम' निवडतो. पोर्टचा नियम हा त्या क्रमांकावर जो कोणी कान लावून बसेल त्याला लागू होतो, मग तो आपला हिशेबाचा प्रोग्राम असो की चोरवाटेने शिरलेला दुसरा कोणी. प्रोग्रामचा नियम मात्र त्या एकाच फाइलपुरता राहतो. एक गैरसोय आहे, ती आपण अनुभवलीच: आवृत्ती बदलली की नियमही पाहावा लागतो. पुढच्या पानावर नव्या फोल्डरातली फाइल दाखवा, त्यापुढच्या पानावर परवानगी निवडा, आणि जिथे 'डोमेन', 'प्रायव्हेट', 'पब्लिक' असे तीन चौकोन येतात, तिथे फक्त 'प्रायव्हेट'वर खूण ठेवून बाकीच्या दोन्ही काढा. शेवटी नाव विचारले जाते. ते मराठीत द्या, 'दुकानाची बिले – वरचा संगणक' असे, म्हणजे दोन वर्षांनी पाहणाऱ्याला तो नियम कशासाठी होता हे कळेल.

नियम तयार झाल्यावर आणखी एक टाका घालायचा आहे. त्या नियमावर दोनदा टिचकी मारून 'स्कोप'मध्ये जा, 'रिमोट आयपी ॲड्रेस'खाली पत्ता जोडायच्या चौकटीत ठरावीक पर्यायांमधून 'लोकल सबनेट' निवडा. आता आपल्या राउटरच्या हद्दीतल्याच संगणकांना हे दार उघडेल.

'प्रायव्हेट'चा मुद्दा येथे पुरा करतो, कारण वरचे सगळे करूनही पुष्कळांचे घोडे त्याच्यापाशी अडते. विंडोज प्रत्येक नेटवर्कला खासगी किंवा सार्वजनिक असा शिक्का मारते आणि आपण सांगितले नाही तर सहसा सार्वजनिकच समजते. राउटर बदलला, किंवा वायफायला नवे नाव दिले, की विंडोजच्या लेखी ते नवे नेटवर्क असते आणि शिक्का पुन्हा सार्वजनिकचा बसतो. मग खासगीसाठी घातलेला नियम असूनही लागू होत नाही. सेटिंग्जमध्ये 'नेटवर्क अँड इंटरनेट'मधून आपल्या जोडणीच्या गुणधर्मांत जाऊन तिथे 'प्रायव्हेट' आहे याची खात्री करा. हे घरच्या आणि दुकानाच्या नेटवर्कसाठीच करायचे. रेल्वे स्थानकावरच्या किंवा हॉटेलच्या वायफायला सार्वजनिकचाच शिक्का राहू द्या.

एवढ्यावरही अडले, तर फायरवॉललाच विचारता येते की तू कोणाला परत पाठवलेस. त्याच खिडकीच्या गुणधर्मांत 'प्रायव्हेट प्रोफाइल'खाली 'लॉगिंग' आहे. तिथे टाकून दिलेल्या पाकिटांची, म्हणजे अडवलेल्या माहितीच्या तुकड्यांची, नोंद ठेवण्याच्या पर्यायापुढे 'येस' करा. ही नोंद मुळात बंद असते. चालू केल्यावर विंडोजच्या फोल्डरातील सिस्टम३२, त्यातील लॉगफाइल्स आणि त्यातील फायरवॉल या फोल्डरात 'पीफायरवॉल डॉट लॉग' ही फाइल भरू लागते. तिची मर्यादा मुळात ४०९६ केबी असते. खालून एकदा बिल करून पाहा आणि फाइल उघडा. तारीख-वेळेनंतर 'ड्रॉप टीसीपी १९२.१६८.१.२३ १९२.१६८.१.५ ५१५४४ ९०००' अशा प्रकारची ओळ दिसली, तर पहिला पत्ता थाप मारणाऱ्याचा, दुसरा वरच्या संगणकाचा, आणि येथे छापलेल्या भागातला शेवटचा आकडा ज्या दारावर थाप पडली त्याचा (फाइलमधली ओळ त्यापुढेही चालू राहते). अशी ओळ आली, तर नियम अजून चुकतो आहे. ओळच आली नाही, तर थाप दारापर्यंत पोहोचतच नाही आणि शोध राउटरकडे न्यावा लागेल.

आता, बंद का ठेवायची नाही. विंडोज एक्सपीबरोबर २००१ साली फायरवॉल आली होती, परंतु ती मुळात बंद असे. ऑगस्ट २००३ मध्ये ब्लास्टर नावाच्या किड्याने, म्हणजे आपणहून पसरणाऱ्या घातक प्रोग्रामने, जगभरातल्या संगणकांत केवळ उघड्या पोर्टमधून शिरून धुमाकूळ घातला; वापरणाऱ्याने कोणतीही फाइल उघडायची त्याला गरजच नव्हती. ऑगस्ट २००४ च्या सर्व्हिस पॅक २ पासून मायक्रोसॉफ्टने फायरवॉल आपणहून चालू ठेवायला सुरुवात केली. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय हा खंडणीखोर प्रोग्राम ४४५ क्रमांकाच्या पोर्टमधून एका संगणकातून दुसऱ्यात पसरला, आणि ज्या उणिवेचा त्याने फायदा घेतला ती बुजवणारी सुधारणा मार्चमध्येच उपलब्ध होती. "आमच्या छोट्या दुकानात कोण येतंय" हा युक्तिवाद अशा किड्यांपुढे टिकत नाही, कारण ते दुकान पाहून येत नाहीत.

आणि आपल्या दुकानात तर पाहुणे येतातच. लग्नाच्या बस्त्याला पंधरा माणसे येतात, निवड तीन तास चालते, चहाबरोबर कोणीतरी वायफायचा पासवर्ड विचारतो आणि आपण तो देतो. त्या क्षणी ते फोन आणि आपला हिशेबाचा संगणक एकाच नेटवर्कवर येतात. पुष्कळ राउटरांमध्ये पाहुण्यांसाठी वेगळे 'गेस्ट' वायफाय असते. ते चालू करा आणि गिऱ्हाइकांना त्याचाच पासवर्ड द्या. 'लोकल सबनेट'च्या नियमाला त्यानंतरच खरा अर्थ येईल.

प्रश्न : आपण पूर्वी सांगितल्याप्रमाणे विंडोजच्या फायरवॉलमध्ये नियम घातला, मनाईचे नियमही नाहीत, नेटवर्क खासगी आहे, तरीही घरच्या दुसऱ्या संगणकावरून जोडणी होत नाही. या संगणकावर विकत घेतलेला अँटिव्हायरस आहे.
— एक तंबाखू व्यापारी, निपाणी

उत्तर : आपला नियम बरोबर आहे, पण तो ज्या दारावर लावला आहे त्या दारावर सध्या पहाराच नाही. विकतच्या अनेक अँटिव्हायरस संचांत स्वतःची फायरवॉल असते, आणि ती आली की विंडोजची फायरवॉल कारभार तिच्याकडे सोपवते. विंडोज सिक्युरिटीत फायरवॉलचे पान उघडा. तिथे दुसऱ्या कंपनीचे नाव दिसले, तर परवानगी त्या संचाच्या खिडकीतून द्यावी लागेल. संचाची मुदत संपली असेल आणि पुन्हा घ्यायचा नसेल, तर तो अर्धवट ठेवू नका. त्याच कंपनीने दिलेल्या काढण्याच्या साधनाने समूळ काढा, संगणक एकदा बंद करून सुरू करा, आणि विंडोजची फायरवॉल परत चालू झाली आहे हे डोळ्यांनी पाहा.

प्रश्न : आमचे घर जांबोटीच्या पुढे आहे, मुलांच्या शाळेसाठी आठवड्यातले पाच दिवस बेळगावात राहतो. घरचा संगणक बेळगावातून वापरता यावा म्हणून 'रिमोट डेस्कटॉप' चालू केले, फायरवॉलमध्ये ३३८९ हा पोर्ट उघडला आणि राउटरमध्येही तो घरच्या संगणकाकडे वळवला. घरात बसून दुसऱ्या लॅपटॉपवरून चालते, बेळगावातून मात्र नाही. घरी सिमकार्डावर चालणारा राउटर आहे.
— एक निवृत्त शिक्षक, खानापूर तालुका

उत्तर : घरात बसून चालते, यावरून फायरवॉलचे काम संपले. अडचण घराबाहेर आहे, आणि ती समजून घेण्यासाठी राउटरच्या स्थितीच्या पानावर त्याला बाहेरून मिळालेला पत्ता पाहा. तो १००.६४ पासून १००.१२७ पर्यंतच्या आकड्यांनी सुरू होत असेल, किंवा पहिल्या टिंबाआधी नुसते १० असेल, तर तो पत्ता आपल्या एकट्याचा नाही.

जुन्या पद्धतीच्या इंटरनेट पत्त्यांची एकूण संख्या सुमारे ४२९ कोटी आहे आणि जगातल्या फोन-संगणकांना ती केव्हाच अपुरी पडली. म्हणून सेवा देणाऱ्या कंपन्या एका खऱ्या पत्त्यामागे अनेक ग्राहक बसवतात, १००.६४ ने सुरू होणारा गट २०१२ साली याच कामासाठी राखून ठेवला गेला. एका वाड्याला एकच पोस्टाची पेटी आणि आत शंभर बिऱ्हाडे, असा हा प्रकार आहे. आतून टाकलेल्या पत्राचे उत्तर ज्याचे त्याला पोहोचते, कारण ते कोणी पाठवले याची नोंद कंपनीच्या यंत्राकडे असते. परंतु बाहेरून नव्याने आलेले पत्र कोणत्या बिऱ्हाडाचे हे पेटीला कळत नाही, आणि ते टाकून दिले जाते. आपण राउटरमध्ये पोर्ट वळवलात तो आपल्या खोलीच्या दारातला; वाड्याचा दिंडी दरवाजा आपल्या ताब्यात नाही. फोनच्या हॉटस्पॉटवर आणि सिमच्या राउटरवर बहुधा असेच असते, आणि गावोगावच्या फायबर जोडणीतही ते पुष्कळ ठिकाणी आढळते.

कंपनीकडून स्वतंत्र, स्थिर पत्ता विकत घेता येतो का ते विचारता येईल. पण मिळाला तरी ३३८९ हा पोर्ट सगळ्या जगाला उघडा ठेवू नका, असाच माझा सल्ला राहील. जगभरातून स्वयंचलित प्रोग्राम हा पोर्ट शोधत हिंडत असतात आणि सापडला की पासवर्ड लावून पाहत बसतात. त्यापेक्षा दोन्ही संगणक आतून बाहेर जाऊन तिसऱ्या ठिकाणी भेटतात, अशी व्यवस्था बरी. दुरून संगणक वापरण्याचे अनेक प्रोग्राम, तसेच खासगी व्हीपीएनचे (इंटरनेटवरून काढलेल्या बंदिस्त वाटेचे) काही प्रकार असेच चालतात. दोन्ही बाजूंनी प्रवास बाहेर जाण्याचा असल्याने फायरवॉलमध्ये काहीही उघडावे लागत नाही, राउटरमध्ये काही वळवावे लागत नाही. आज उघडलेला ३३८९ चा नियम आणि राउटरमधली वळवणी, दोन्ही काढून टाका. दुरून वापरायच्या प्रोग्रामला मात्र लांबलचक पासवर्ड आणि फोनवर येणारी दुसरी खूण लावल्याशिवाय सोडू नका. आणि जाता जाता, या सदराचे जे वाचक विंडोजची 'होम' आवृत्ती वापरतात त्यांच्यासाठी: त्या आवृत्तीतून दुसरीकडे जाता येते, पण तिच्याकडे रिमोट डेस्कटॉपने येता येत नाही. तेव्हा कोणी त्यासाठी फायरवॉलशी झगडत असेल, तर ते थांबवावे.

प्रश्न : मी अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाला आहे. प्रकल्पासाठी केलेला सर्व्हर माझ्या लॅपटॉपवर चालतो. त्याच लॅपटॉपच्या ब्राउझरमध्ये उत्तम दिसतो. वसतिगृहात मित्राच्या फोनवर उघडत नाही. फायरवॉल पूर्ण बंद करूनही उघडत नाही. पिंगही लागत नाही.
— एक विद्यार्थी, उद्यमबाग, बेळगाव

उत्तर : फायरवॉल बंद करूनही उघडत नसेल, तर गुन्हेगार दुसरा आहे. प्रथम फायरवॉल पुन्हा चालू करा. वसतिगृहाच्या नेटवर्कवर ती बंद ठेवण्यासारखा अविचार नाही.

आज्ञेच्या काळ्या खिडकीत 'नेटस्टॅट -एएनओ' ही आज्ञा द्या आणि आपल्या सर्व्हरचा पोर्ट असलेली ओळ शोधा. समजा पोर्ट ५००० आहे. ओळीत '१२७.०.०.१:५००० लिसनिंग' असे असेल, तर सर्व्हर फक्त स्वतःशीच बोलायला बसला आहे. १२७.०.०.१ हा प्रत्येक संगणकाचा स्वतःचा, आतल्या आतला पत्ता आहे. बाहेरचा कोणी त्यावर पोहोचू शकत नाही, मग फायरवॉल असो वा नसो. शिकण्यासाठी वापरले जाणारे बरेच सर्व्हर मुद्दामच असे सुरू होतात, आणि ते योग्यच आहे. सर्व्हर सुरू करताना त्याला '०.०.०.०' हा पत्ता दिला, की तो लॅपटॉपच्या सर्व जोडण्यांवर कान लावतो. ओळ तशी बदललेली दिसली, की पुढचा टप्पा. त्याच ओळीच्या शेवटी एक आकडा असतो; तो प्रक्रियेचा क्रमांक. टास्क मॅनेजरमध्ये तो पाहिला, की त्या पोर्टवर खरोखर आपलाच प्रोग्राम बसला आहे की आधीच दुसऱ्या कोणी जागा धरली आहे, हे कळते. प्रात्यक्षिक परीक्षेच्या आदल्या रात्री हे पाहून ठेवले तर बरे.

आता दुसऱ्या विंडोज लॅपटॉपवरून पॉवरशेलमध्ये 'टेस्ट-नेटकनेक्शन', मग आपला पत्ता, मग '-पोर्ट ५०००' अशी आज्ञा द्या. शेवटच्या ओळीत 'ट्रू' आले की वाट मोकळी. पिंगच्या निकालावर विसंबू नका: पिंग ही वेगळ्याच प्रकारची हाक आहे, विंडोजची फायरवॉल सार्वजनिक नेटवर्कवर तिला उत्तर देत नाही, आणि तरीही पोर्ट उघडा असू शकतो.

एवढे करून 'फॉल्स'च येत असेल, तर एक तर आपली फायरवॉल अडवते आहे, किंवा वसतिगृहाच्या वायफायनेच एका उपकरणाला दुसऱ्याशी बोलायला बंदी केलेली आहे. शेकडो मुले एकाच वायफायवर असतात तिथे ही बंदी असायलाच हवी, म्हणून व्यवस्थापनाकडे तक्रार घेऊन जाऊ नका. मित्राच्या फोनचा हॉटस्पॉट चालू करून आपला लॅपटॉप त्याला जोडा. दोघे एका नेटवर्कवर येतील. विंडोज त्या नव्या नेटवर्कला सार्वजनिक समजेल आणि आता मात्र फायरवॉल खरोखरच अडवील. पहिल्या उत्तरात सांगितलेला नियम तेव्हा घाला, फक्त 'प्रायव्हेट'ऐवजी 'पब्लिक'वर खूण ठेवा, आणि परीक्षा झाली की तो काढा.

प्रश्न : घरात दोन संगणक जोडले आहेत. आठ-दहा दिवस व्यवस्थित चालते आणि मग एके दिवशी जोडणी तुटते. पावसाळ्यात तर आठवड्याला दोनदा. संगणक दुरुस्त करणाऱ्याने प्रत्येक वेळी 'फायरवॉल' म्हणून पैसे घेतले.
— एक गृहिणी, खानापूर

उत्तर : पावसाळ्यात जास्त, हे आपण लिहिलेत ते फार बरे केलेत. फायरवॉलचा नियम पावसाने बदलत नाही. बदलतो तो पत्ता. आपल्याकडे झड लागली की वीज जाते, राउटर बंद पडतो, आणि वीज आल्यावर तो घरातल्या उपकरणांना नव्याने पत्ते वाटतो. काल १९२.१६८.१.५ असलेला संगणक आज १९२.१६८.१.८ झालेला असतो, आणि दुसरा संगणक अजून जुन्याच दारावर थापा मारत बसलेला असतो. फायरवॉलमधल्या नियमात एखादा ठरावीक पत्ता लिहिलेला असेल, तर तोही चुकीचा ठरतो आणि दोष फायरवॉलच्या माथी येतो.

पुढच्या वेळी जोडणी तुटली, की कोणालाही बोलावण्याआधी मुख्य संगणकावर 'आयपीकॉन्फिग' ही आज्ञा द्या आणि 'आयपीव्ही४ ॲड्रेस'पुढचा आकडा कागदावर लिहिलेल्या आकड्याशी ताडून पाहा. बदललेला दिसला तर निदान झाले.

उपाय राउटरमध्ये आहे. ब्राउझरमध्ये राउटरचा पत्ता टंकून आत गेल्यावर 'डीएचसीपी'च्या, म्हणजे उपकरणांना पत्ते वाटण्याच्या व्यवस्थेच्या, पानावर पत्ता राखून ठेवण्याची सोय असते. काही राउटरांत तिला 'ॲड्रेस रिझर्व्हेशन' म्हणतात, काहींत 'स्टॅटिक लीज'. जोडलेल्या उपकरणांच्या यादीतून आपला मुख्य संगणक निवडा आणि त्याच्यासाठी एक पत्ता कायमचा राखा. संगणकाच्या नेटवर्क कार्डाला कारखान्यातूनच मिळालेला बारा अक्षरांचा क्रमांक असतो. राउटर त्यावरून त्याला ओळखतो आणि वीज कितीही वेळा गेली तरी तोच पत्ता देतो. मात्र संगणक तारेने आणि वायफायने अशा दोन्ही प्रकारे जोडला जात असेल, तर दोन्हींचे क्रमांक वेगळे असतात, म्हणून जी जोडणी नेहमी वापरता तिच्याच क्रमांकावर पत्ता राखा. छपाईयंत्र वायफायवर असेल, तर त्याच पानावर त्याचाही पत्ता राखून घ्या, कारण तेही याच कारणाने रुसते. राखलेले पत्ते कागदावर लिहून राउटरच्या डब्याच्या आतल्या झाकणाला चिकटवा, आणि तो डबा रद्दीत जाणार नाही अशा ठिकाणी ठेवा.